सही आईची, शरीर मुलीचं : २०२४ मधल्या एका गर्भपात-याचिकेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुंबई परिसरातलं कुटुंब, मुलगी १४ वर्षांची. तिच्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार होती, पण हा प्रकार उघड झाला तो २० मार्च २०२४ ला. तोवर तिच्या गर्भाला साधारण २५ आठवडे झाले होते. त्याच दिवशी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७६ (बलात्कार) आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पुढे आईच्या याचिकेवरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तिथल्या कागदांवर आई फक्त 'ए' आणि मुलगी 'एक्स'. इथेही त्या दोघी आई आणि मुलगी एवढ्याच.

अशा प्रकरणात शेजारपाजार आईला पहिला प्रश्न विचारतो तो असा : इतके महिने तुला कळलं कसं नाही? हा प्रश्न अन्यायाचा आहे, आणि त्याचं उत्तर नोंदीतच आहे. मुलीची पाळी आधीपासूनच अनियमित होती. १४ व्या वर्षी हे नवलाचं नाही. पाळी सुरू होऊन वर्ष-दोन वर्षंच झालेली असतात आणि मधले एक-दोन महिने कोरडे जाणं सर्रास घडतं. पहिल्या खेपेला पोटही उशिरा दिसतं. त्यात धमकी, लाज आणि शरीरात काय चाललंय याची अपुरी समज. सगळं कळूनसवरून आईने दुर्लक्ष केलं असं मानायला इथे काहीच आधार नव्हता.

अडचण : २४ आठवड्यांची रेघ

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्यात मोठी दुरुस्ती झाली ती २०२१ मध्ये, लागू २४ सप्टेंबर २०२१ पासून. आज कायदा असा आहे : २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि स्त्री ठरावीक गटांतली असावी लागते. बलात्कारपीडित आणि अल्पवयीन मुली या गटांत स्पष्टपणे येतात, म्हणजे ही मुलगी दोन्ही बाजूंनी बसत होती. २४ आठवड्यांनंतर मात्र दारं दोनच. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं मेडिकल बोर्डाने सांगितलं तर, किंवा आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीने करावाच लागत असेल तर. अत्याचारातून राहिलेला निरोगी गर्भ २५ व्या आठवड्यात या दोन्ही दारांतून जात नाही. तिथे उरतं ते न्यायालय.

आठवडे कसे मोजतात हे इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा खेळ त्यावर आहे. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते, म्हणजे गर्भ राहण्याआधीचे साधारण दोन आठवडेही धरले जातात. पाळी अनियमित असेल तर ही तारीख कुचकामी ठरते आणि भिस्त सोनोग्राफीवर येते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत चूकभूल पाच-सात दिवसांची असते. सहाव्या महिन्यात तीच दोन आठवड्यांवर जाते, पुढे आणखी वाढते. त्या रिपोर्टमध्ये डोक्याचा व्यास, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी अशी मापं असतात. प्रत्येक मापासमोर वेगळे आठवडे छापलेले असतात आणि तळाशी त्यांची सरासरी. पुढे डॉक्टर, पोलीस, वकील आणि न्यायाधीश सगळे ती एकच सरासरी उचलतात. ती शेजारची चूकभूल कुणी वाचत नाही. रेघेच्या आसपासच्या प्रकरणात कुटुंबाने रेडिओलॉजिस्टकडून ही चूकभूल रिपोर्टवर लिहून घ्यायलाच हवी.

दुसरी अडचण कायद्याच्या घडणीतच आहे, आणि गर्भपाताचं आपल्याकडचं राजकारण खरं तर तिथे दडलंय. आपल्याकडे या विषयावर निवडणुका लढल्या जात नाहीत. १९६४ मध्ये सरकारने समिती नेमली, अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री शांतिलाल शहा. त्या शिफारशींतून १९७१ चा कायदा आला. पण तो स्त्रीला हक्क देणारा म्हणून लिहिलेला नाही. दंड संहितेच्या कलम ३१२ प्रमाणे गर्भपात हा गुन्हा, स्वतःचा गर्भपात करणारी स्त्रीसुद्धा गुन्हेगार; आणि या कायद्याच्या चौकटीत राहून काम करणाऱ्या डॉक्टरला त्यातून सूट. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही कलम ८८ म्हणून हेच राहिलं. त्यामुळे रुग्णालयाच्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टरच्या मनात पहिला प्रश्न 'हिला काय हवंय' हा नसतो; 'माझ्यावर काही येईल का' हा असतो. त्याला दोष देऊन भागत नाही. कायद्यानेच त्याला तसं उभं केलंय. पण त्या भीतीची किंमत आई आणि मुलगी आठवड्यांत मोजतात.

समोर असलेले पर्याय

२० मार्चला आईसमोर चार वाटा होत्या.

पहिली, उच्च न्यायालयात रिट याचिका करून परवानगी मागायची. २४ आठवड्यांनंतर उच्च न्यायालयं आपल्या घटनात्मक अधिकारात अशी परवानगी देऊ शकतात आणि अनेकदा देतातही.

दुसरी, बाळंतपण होऊ द्यायचं आणि बाळ बालकल्याण समितीमार्फत दत्तक द्यायचं.

तिसरी, बाळ ठेवायचं.

चौथी वाट कागदावर नसते, पण कुटुंबात नेहमी कुणीतरी सुचवतं : लांबच्या गावातला कुणी 'पिशवी साफ करून देणारा' गाठायचा. २५ व्या आठवड्यात हा जिवाशी खेळ आहे. या टप्प्यावर गर्भपात म्हणजे कळा सुरू करून केलेली प्रसूतीच असते. रक्तस्राव, गर्भपिशवी फाटणं, जंतुसंसर्ग यांना तोंड द्यायला ऑपरेशन थिएटर आणि रक्ताची सोय हाताशी लागते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनीही तेच. त्या गोळ्यांचं घरगुती प्रमाण नऊ-दहा आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी आहे.

आईने पहिली वाट धरली.

काय केलं गेलं

२१ मार्चला मुलीची वैद्यकीय तपासणी झाली आणि तिला मुंबईतल्या एका शासकीय रुग्णालयात पाठवण्यात आलं. तिथल्या मेडिकल बोर्डाने २८ मार्चला मत दिलं : मुलगी शरीराने आणि मनाने गर्भपातासाठी सक्षम आहे, उच्च न्यायालयाची परवानगी असेल तर. हे मत आईच्या बाजूचं होतं.

मग ३ एप्रिलला त्याच बोर्डाने 'स्पष्टीकरण' पाठवलं. गर्भ २७-२८ आठवड्यांचा आहे, त्यात जन्मजात व्यंग नाही, म्हणून गर्भपाताला नकार. मधल्या सहा दिवसांत मुलीची नव्याने तपासणी झालेली नव्हती. मुलगी तीच, पोट तेच. बदलली फक्त भाषा. बोर्डाने मुलीकडे बघायचं सोडून कायद्यातल्या व्यंगाच्या पोटकलमाकडे बघितलं. दुसऱ्याच दिवशी, ४ एप्रिलला, २४ आठवड्यांची मुदत उलटल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली.

हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वळणबिंदू आहे. बोर्डाला विचारलेला प्रश्न अपुरा होता, त्यामुळे उत्तरही अपुरं आलं. १४ वर्षांच्या मुलीने हे बाळंतपण पूर्ण केलं तर तिच्या शरीराचं आणि मनाचं काय होईल, यावर त्या दुसऱ्या कागदात एक ओळही नव्हती. मुळात कायदाच सांगतो की बलात्कारातून राहिलेल्या गर्भामुळे होणारा मनस्ताप हा मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानावा. ते गृहीतक २४ आठवडे ओलांडले म्हणून माणसाच्या आयुष्यातून नाहीसं होत नाही.

आई सर्वोच्च न्यायालयात गेली. १९ एप्रिलला तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने प्रकरण नेहमीचं कामकाज संपल्यावर तातडीने ऐकलं. न्यायालयाने जुन्या अहवालावर वाद घालत बसण्याऐवजी दुसरं बोर्ड नेमलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाने मुलीला २० एप्रिलला तपासावं आणि गर्भ पुढे नेण्याचा व काढण्याचा तिच्या शरीर-मनावर काय परिणाम होईल ते सांगावं, असा नेमका प्रश्न घातला. उत्तर तितकंच नेमकं आलं : जेमतेम १४ वर्षांच्या मुलीवर तिच्या इच्छेविरुद्ध हा गर्भ लादला तर तिच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्यावर वाईट परिणाम होऊ शकतो.

२२ एप्रिलला घटनेच्या कलम १४२ खाली, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खास अधिकारात, परवानगी मिळाली. मुलीला घरातून रुग्णालयात आणण्या-नेण्याची सोय आणि सगळा खर्च राज्य सरकारने उचलायचा होता. गर्भ तेव्हा ३० आठवड्यांच्या आसपास होता.

तो शेवटचा आठवडा

बातम्यांमध्ये प्रकरण इथे संपलं. प्रत्यक्षात कठीण भाग इथे सुरू झाला.

३० आठवड्यांचा गर्भ साधारण सव्वा ते दीड किलोचा असतो आणि नवजात अतिदक्षता विभाग असेल तर बहुतेक वेळा जगतो. त्यामुळे या टप्प्यावर डॉक्टरांपुढे दोनच गोष्टी असतात. सोनोग्राफीखाली सुईने औषध देऊन आधी गर्भाच्या हृदयाचे ठोके थांबवायचे आणि मग कळा आणायच्या. किंवा तसं न करता प्रसूती करायची, ज्यात बाळ जिवंत आणि अपुऱ्या दिवसांचं जन्मतं. कळा लागल्या नाहीत तर सिझेरियन. मुलीच्या शरीराला प्रसूतीपासून सुटका कशातच नसते. २०१७ मध्ये मुंबईतल्याच १३ वर्षांच्या एका मुलीला सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३२ आठवड्यांना परवानगी दिली होती. तेव्हा बाळ जिवंत जन्मलं आणि दोन दिवसांनी गेलं. बाळ जिवंत जन्मलं आणि आई-वडील त्याला घेऊ शकत नसतील तर त्याची जबाबदारी रुग्णालयावर आणि राज्यावर येते, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय.

२२ एप्रिलनंतरच्या त्या आठवड्यात, मुलगी रुग्णालयात असताना, आई-वडिलांची चिंता वाढत गेली. आता या टप्प्यावर गर्भपात केला तर मुलीच्या जिवाचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. २९ एप्रिलला न्यायमूर्तींनी दालनात दूरदृश्य प्रणालीवरून त्यांच्याशी आणि डॉक्टरांशी बोलून घेतलं. बाळंतपण पूर्ण होऊ द्यावं असं आई-वडिलांनी सांगितलं. मुलीचंही मत तेच असल्याची नोंद झाली. न्यायालयाने २२ एप्रिलचा स्वतःचाच आदेश मागे घेतला.

काहींनी याला 'माघार' म्हटलं. तसं म्हणणं चुकीचं आहे. गर्भपाताचा हक्क म्हणजे गर्भपात करायलाच हवा असं नाही. ज्या आईने एका महिन्यापूर्वी परवानगी मागितली तीच आई ३१ व्या आठवड्यात नको म्हणते, तेव्हा तिने मन बदललं एवढंच खरं नाही. तिच्यासमोरचा पर्यायच बदलला होता. २५-२६ व्या आठवड्यातली जोखीम आणि ३१ व्या आठवड्यातली जोखीम एक नव्हे. मधले पाच-सहा आठवडे बोर्ड, स्पष्टीकरण, फेटाळणी आणि अपील यांत गेले.

निकाल

२९ एप्रिलच्या निकालातल्या चार गोष्टी अशा प्रत्येक कुटुंबाच्या आणि प्रत्येक बोर्डाच्या उपयोगाच्या आहेत.

बोर्डाने फक्त गर्भातलं व्यंग पाहून थांबायचं नाही. गर्भवतीच्या शारीरिक आणि भावनिक स्थितीवर मत द्यायचं. मत बदलायचं असेल तर त्याची ठोस कारणं आणि बदललेली परिस्थिती लिहायची. प्रामाणिक मत देणाऱ्या डॉक्टरांना कायद्याचं संरक्षण आहे. आणि अल्पवयीन मुलीचं मत पालकांपेक्षा वेगळं असेल तर न्यायालयाने ते महत्त्वाचं म्हणून विचारात घ्यायलाच हवं, कारण या निर्णयात गर्भवतीची संमती सर्वोच्च आहे.

आधी झालेल्या उपचारांचा आणि पुढच्या बाळंतपणाचा खर्च रुग्णालयाने करायचा होता. कुटुंबाने बाळ दत्तक द्यायचं ठरवलं तर राज्य सरकारने सगळी पावलं उचलायची, मात्र हे कुटुंबावर बंधन नाही, हेही निकालात स्पष्ट लिहिलेलं आहे. बाळ सोपवायचं ते बालकल्याण समितीपुढेच. बाळ सोपवण्याच्या करारनाम्यानंतर विचार बदलायला ६० दिवस मिळतात. रुग्णालयातल्या कुणीतरी ओळखीच्या जोडप्याला परस्पर देणं बेकायदेशीर आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, बोर्डाकडे जाणारा अर्ज. 'गर्भपातासाठी मत द्यावे' एवढंच लिहिलं की बोर्ड कायद्याचा आकडा बघून परत पाठवतं. अर्जात पाच प्रश्न वेगवेगळे मांडावेत : आठवडे किती आणि चूकभूल किती, गर्भ पुढे नेल्यास मुलीच्या शरीरावर परिणाम, मनावर परिणाम, आज गर्भपात केल्यास जोखीम आणि पूर्ण दिवसांनी बाळंतपण झाल्यास जोखीम यांची तुलना, आणि कोणती पद्धत वापरणार. कायद्याने बोर्डावर स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट असतात. मनोविकारतज्ज्ञ हवा असल्यास अर्जातच मागून घ्यावा. नियमांनुसार बोर्डाने मागणी आल्यापासून ३ दिवसांत मत द्यायचं असतं. ही मुदत मुळात व्यंगाच्या प्रकरणांसाठी लिहिलेली असली तरी तिचा दाखला द्यावा. मताची प्रत तिथल्या तिथे हातात घ्यावी.

दुसरं, ३ एप्रिल. नवी तपासणी न करता आलेल्या मताला उच्च न्यायालयातच हरकत घेऊन दुसऱ्या रुग्णालयाचं बोर्ड मागणं, ही गोष्ट त्याच दिवशी करण्यासारखी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिलला नेमकं तेच केलं.

तिसरं, ४ ते १९ एप्रिल हे १५ दिवस. फेटाळणीनंतर प्रमाणित प्रतीची वाट पाहायची गरज नसते. प्रतीतून सूट मागणारा अर्ज जोडून याचिका ऑनलाइन दाखल करता येते आणि ती तातडीने ऐकावी अशी विनंती न्यायालयाला करता येते. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि दिल्लीतली सर्वोच्च न्यायालयाची विधी सेवा समिती विनामूल्य वकील देतात. स्त्रियांना आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. बहुतेक आयांना हे सांगायला कुणी भेटत नाही. पोलीस ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्याने गुन्हा नोंदवतानाच हा पत्ता हातात ठेवायला हवा.

चौथं, समुपदेशन. ते न्यायालयाचा आदेश आल्यावर नको, तो मागण्याआधी हवं. दोन्ही वाटा उघडपणे सांगायच्या : आज प्रक्रिया कशी होईल, चार आठवड्यांनी झाली तर कशी होईल, दत्तक म्हणजे काय, पोलीस पुराव्यासाठी कोणते नमुने घेतील. गर्भपात झाला तर डीएनएसाठी ठेवायचा गर्भाचा नमुना फॉर्मलीनमध्ये घालायचा नाही, तो खराब होतो. हे कधी कधी वॉर्डातल्या नव्या डॉक्टरलाही सांगावं लागतं. आणि मुलीशी आईला बाहेर बसवून एकदा तरी बोलायचं. आई कितीही मायाळू असली तरी तिच्यासमोर मुलगी आईला बरं वाटेल तेच बोलते.

२४ आठवड्यांच्या आतल्या मुलींसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी : त्यांना न्यायालयाची परवानगी लागत नाही. गर्भपाताचा कायदा एफआयआरची प्रतही मागत नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर डॉक्टरला पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं हे खरं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलंय. 'आधी कोर्टाचा कागद आणा' असं ऐकून परतलेली आई दोन आठवड्यांनी खरोखरच न्यायालयाच्या दारात उभी राहते.

पाचवी गोष्ट अगदी छोटी, एका फॉर्मची. गर्भपाताच्या संमतीचा नमुना 'सी' म्हणून असतो, एका पानाचा. वर स्त्रीने भरायचा मजकूर : मी माझ्या गर्भपाताला संमती देते. त्याखाली कंसात सूचना, की स्त्री अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असल्यास पुढचा भाग पालकाने भरावा. आणि मग पालकाचं वाक्य : माझ्या ताब्यातील अमुक हिच्या गर्भपाताला मी संमती देतो/देते. म्हणजे १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात वरचा भाग कोरा राहतो आणि खाली आई सही करते. मुलीला काय वाटतं ते लिहायला त्या कागदावर जागाच नाही. फॉर्म बदलेपर्यंत एक सोपी गोष्ट कुठल्याही रुग्णालयाला करता येते. मुलीला एकटीला, तिच्या भाषेत समजावून सांगून तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवायचं, खाली तारीख-वेळ घालायची आणि ते पान नमुना 'सी'ला जोडायचं. दहा मिनिटांचं काम आहे. न्यायालयाने 'मुलीचं मत काय' असं विचारलं की दाखवायला ते पान असतं.